शम्साचा होकार

“तिला विचारा, हे ती स्वतःच्या मर्जीनं करते आहे ना?” डॉक्टर नगरकर मॅडम म्हणाल्या.

मी अरबीत विचारलं. शम्सानं समोरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पाठ केलेला धडा म्हणावा तशी म्हणाली, “हो. कुणाच्या जबरदस्तीशिवाय, राजीखुशीनं मी माझ्या वडिलांना माझी एक किडनी देते आहे.”

मी मराठीत म्हटलं, “हो. कुणाच्या जबरदस्तीशिवाय, राजीखुशीनं मी माझ्या वडिलांना माझी एक किडनी देते आहे.” दुभाष्याचं काम असंच. ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही. तिचा ‘मी’ तो आपला ‘मी’.

पुढचे प्रश्नही तसेच गेले. ऑपरेशनचे धोके कळले का? कळले. उद्या मूलबाळ होऊ द्यायचं झालं तर जास्त जपावं लागेल, माहीत आहे का? माहीत आहे. अगदी टेबलावर झोपल्यावरसुद्धा ‘नको’ म्हणता येतं, हे ठाऊक आहे का? इथे ती जरा अडखळली. मग म्हणाली, “ठाऊक आहे.”

मॅडमनी कॅमेरा बंद करायला सांगितला. आता फक्त त्यांची सही राहिली होती. त्यांनी पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि टोपण लावून खिशात टाकलं.

“आज नको. परवा पुन्हा बसू.”

मला नवल वाटलं. सगळं तर सुरळीत झालं होतं.

मी नफीसा सरगुरोह. माहेर हर्णैचं. वडील मस्कतला नोकरीला होते, त्यामुळे माझं मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण तिकडेच झालं आणि अरबी शेजारपाजारच्या पोरींबरोबर खेळता खेळता तोंडात बसली. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा ती भाषा पुन्हा कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पण आमच्या हॉस्पिटलला आखाती देशांतले पेशंट येऊ लागले. आधी गुडघ्यांसाठी, मग हृदयासाठी. हॉस्पिटल ज्या समूहाचं, त्याच्या मोठ्या साहेबांनी ‘आंतरराष्ट्रीय रुग्ण विभाग’ असा बोर्ड लावला, त्या विभागावर निनाद पाठारे नावाचा हुशार, धावपळ्या मॅनेजर नेमला आणि अरबी येणारी बाई म्हणून मला घेतलं.

शम्साचे वडील खमीस हे ओमानमधल्या सूर गावचे. वय सत्तरीकडे झुकलेलं. तरुणपणी खजूर वाहणाऱ्या गलबतावर नाखवा होते. आमच्या हर्णैलाही नाखवेच, त्यामुळे त्यांच्याविषयी मला पहिल्यापासूनच आपलेपणा वाटला. मी त्यांना ‘अम्मी’ म्हणायची. तिकडच्या अरबीत ‘अम्मी’ म्हणजे ‘माझे काका’. आमच्या नर्सेसना वाटायचं, ही एवढ्या दाढीवाल्या बाप्याला आई का म्हणते! त्या खुदुखुदु हसायच्या. अम्मी खमीसनी एकदा कारण विचारलं, मी सांगितलं, तेव्हा तेही हसले. तेवढंच काय ते हसलेले मला आठवतात. दोन्ही किडन्या गेलेल्या, अंगावर सूज, डायलिसिस झालं की दिवसभर पडून राहायचे.

बरोबर मुलगा नासर आणि मुलगी शम्सा. आई कधीच वारलेली. नासरला स्वतःला साखरेचा आजार, म्हणून डॉक्टरांनी त्याची किडनी नाकारली होती. राहिली शम्सा. सूरमधल्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. लग्न ठरलेलं होतं. तिच्या तपासण्या वडिलांशी अगदी जुळल्या. वकिलातीची कागदपत्रं, नात्याचे पुरावे, सगळं झालं. परदेशी माणसाची किडनी बदलण्याचं हे आमच्या शाखेतलं पहिलंच ऑपरेशन ठरणार होतं. समूहाच्या दुसऱ्या शाखांमधूनही त्याची चौकशी व्हायची.

त्या दिवशी खोलीबाहेर पाठारे उभाच होता.

“झालं?”

“परवा पुन्हा बोलावलंय,” मी म्हटलं.

“का? मुलगी काही बोलली?”

“नाही. हो म्हणाली.”

“मग?” त्यानं मला बाजूला घेतलं. “नफीसाताई, तुम्ही बाईमाणूस, तिच्या भाषेतल्या. जरा तिच्याबरोबर राहा. घाबरली असेल तर धीर द्या. त्या म्हाताऱ्याचं आयुष्य वाढेल, पुण्यच आहे. इतकी माणसं लांबून आपल्या भरवशावर येतात, हे एक नीट पार पडलं तर शंभर जणांना रस्ता खुला होईल.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शम्साच मला म्हणाली, “इथे मासे कुठे मिळतात? अब्बूंना इथली बेचव डाळ गिळवत नाही.” मी तिला रिक्षानं गणेश पेठेतल्या मासळी बाजारात घेऊन गेले. आत शिरताच ती पोरगी पालटली. हॉस्पिटलात खाली मान घालून बसणारी, ती इथे पदर खोचल्यासारखी अबायाच्या बाह्या वर सारून एकेका गाळ्यापुढे उभी राहायला लागली. सुरमईचा कल्ला उचलून बघितला, बोटानं दाबलं, नाक मुरडलं. “शिळी!” विकणारी मावशी मराठीत भांडायला उठली, ही अरबीत. मला मध्ये पडायची गरजच लागली नाही. शेवटी मावशीनंच खालच्या टोपलीतली ताजी काढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “कुठची गं ही? कोळ्याघरची दिसतेय.”

“समुद्राकाठचीच आहे,” मी म्हटलं.

परतताना रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन ती बराच वेळ हसत होती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा बाहेर बघतच म्हणाली, “नफीसा, काल मी खोटं बोलले.”

“कशाबद्दल?”

“मला नाही द्यायची.”

मी वळून तिच्याकडे बघितलं.

“कारण विचारू नकोस. कारणच नाही. असतं तर बरं झालं असतं. होणारा नवरा नको म्हणतो, त्याची आई नको म्हणते, काहीतरी सांगता आलं असतं. तो तर म्हणतो, दे. सगळेच म्हणतात, दे. मला नुसती भीती वाटते. झोपताना इथं हात ठेवून झोपते मी.” तिनं कमरेवर हात ठेवून दाखवला. “बापावर प्रेम असलं की भीती वाटत नाही म्हणतात. मग माझं नाहीच का? त्यांनी आईमागं मला वाढवलं गं. दर्यावरची नोकरी सोडली माझ्यासाठी.”

रिक्षावाल्याला अरबी कळत नव्हती, पण आवाज कळला असावा. त्यानं रेडिओ बंद केला.

“तू हे बोललीस,” मी म्हटलं, “आता मला डॉक्टरांना सांगावं लागेल. मी ऐकलं आणि ठेवून दिलं, असं करता येत नाही.”

“म्हणून तर तुला सांगितलं.” तिनं माझं मनगट घट्ट धरलं. “पण अब्बूंना आणि नासरला कळता कामा नये. तुझ्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, माझ्यातच काहीतरी खोट काढा. रक्तात काढा, कशातही काढा. मी ‘नाही’ म्हटलं असं कळलं तर मला त्या घरात पाय ठेवता येणार नाही. नासरनं नाही ठेवू दिला म्हणून नव्हे. मलाच ठेववणार नाही.”

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले. जे जसं बोललं गेलं तसं सांगितलं. या वेळी ‘मी’ म्हणताना माझी जीभ जड झाली. “मला नाही द्यायची. मला नुसती भीती वाटते.” मॅडम ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि एकदम हसल्यासारखं केलं. ते हसू नव्हतं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या.

“बरं कसं, मॅडम? म्हातारबाबांचं काय?”

“त्यांचं डायलिसिस चालू राहील. तिकडेही होतं. माणसं जगतात त्यावर वर्षानुवर्षं.” मग पुन्हा चष्मा घालत म्हणाल्या, “आणि मी खोटं बोलणार नाही हं, नफीसा. एवढंच सांगेन की मुलगी दाता म्हणून योग्य नाही. ते खरंच आहे. ज्याला द्यायची नाही, तो योग्य नसतोच.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. अम्मी खमीस चाकाच्या खुर्चीत, शेजारी शम्सा, पाठीमागे नासर. पाठारे दाराशी. मॅडमनी एकच वाक्य सांगितलं, मी ते अरबीत म्हटलं.

नासर उसळला. “म्हणजे काय? परवापर्यंत सगळं जुळत होतं! काय दिसलं तिच्यात?”

“तिच्या तपासण्या तिच्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “तिला हव्या तर ती विचारेल. दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही. भावालाही नाही.”

“मी कुटुंबप्रमुख आहे!”

“कुटुंबप्रमुख मी आहे,” अम्मी खमीस हळूच म्हणाले. त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. “अल्हम्दुलिल्लाह. खुदाची मर्जी.” शम्सानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली. तिचे खांदे गदागदा हलत होते. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. “रडू नको, बेटा. तू द्यायला निघाली होतीस, पोहोचलं मला.” हे वाक्य मी मॅडमना मराठीत सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर नासरनं मला गाठलं. “बाजारात घेऊन गेली होतीस ना तिला? काय भरवलंस तिच्या मनात?”

“मासे घेतले आम्ही,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

त्यानं पाठारेकडे तक्रार केली. पाठारेनं मला बसवून घेतलं, पण ओरडला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. “मी तुम्हाला धीर द्यायला सांगितलं होतं, ताई.”

“दिला की,” मी म्हटलं.

त्यानंतर मला किडनी विभागात कुणी बोलावलं नाही. गुडघे आणि डोळे तेवढे माझ्याकडे राहिले.

ती मंडळी परत निघाली त्या सकाळी मात्र मी पोर्चमध्ये निरोप द्यायला गेले. नासर औषधं आणायला आत गेला होता. शम्सा गाडीत पुढे बसून काच वर करून डोळे पुसत होती. अम्मी खमीस खुर्चीतच होते. मी वाकून सलाम केला. त्यांनी मला आणखी जवळ बोलावलं आणि म्हणाले,

“बहन, डॉक्टर मॅडम को मेरा बहुत शुक्रिया बोलना.”

मी दचकले. हिंदी! एवढे दिवस माझ्याशी फक्त अरबीच बोललेला माणूस.

“अम्मी, तुम्हाला हिंदी येतं?”

“क्यों नहीं? जवानी में हर साल मुंबई आता था. खजूर लेके. भाऊचा धक्का, मस्जिद बंदर, सब देखा.” डोळे बारीक झाले. “तुम अरबी बोलती थी, अच्छा लगता था. इसलिए नहीं बोला.”

मग आवाज खाली आणून ते बोलायला लागले. त्यांचं हिंदी बंदरावरचं, तुटकं, पण एकेक शब्द स्पष्ट. कॅमेऱ्यासमोर शम्साचा जबाब झाला, त्याच्या आदल्या दिवशी मॅडम राउंडला आल्या होत्या आणि मी खाली कागद आणायला गेले होते. तेवढ्यात त्यांनी मॅडमचा हात धरला होता. “मैंने बोला, मैडम, मेरी बेटी को मत काटना. मैं बूढ़ा, मेरा सफर हो गया. उसका अभी शुरू नहीं हुआ. मगर मैं ना बोलूँगा तो वो मानेगी नहीं. रोएगी, लड़ेगी, बोलेगी बाबा को मेरा दिया हुआ नहीं चाहिए. नासर भी मानेगा नहीं. तुम बोलो, नहीं हो सकता. डॉक्टर का बोला सब मानते हैं.”

मला मॅडमचं खिशात गेलेलं पेन दिसलं. ते ‘बरं झालं’ ऐकू आलं.

“मैडम ने पहले बोला, मैं झूठ नहीं बोलती. फिर देखो, कैसे बोल दिया.” ते समाधानानं म्हणाले. मग गाडीकडे नजर गेली आणि चेहरा कळवळला. “कितना रोई उस दिन! देने का कितना मन था उसका.”

माझ्या ओठांवर शब्द आले होते. ते परत गिळले. कारण ते माझे नव्हते. ते शम्साचे होते, आणि तिनं बजावून ठेवलं होतं.

“शम्सा को कभी मत बोलना,” ते म्हणाले. “दिल टूट जाएगा उसका.”

“नहीं बोलूँगी,” मी म्हटलं.

नासर आला. गाडी गेली. मी वर जाऊन मॅडमना त्यांचा शुक्रिया पोहोचवला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, त्यांना कळलं की मलाही कळलं. “चहा घेणार?” एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही चहा प्यालो. त्याविषयी पुढे आम्ही कधी बोललो नाही.

वर्षं गेली. मॅडम निवृत्त झाल्या. समूहानं शेजारची जागा घेऊन परदेशी पेशंटांसाठी वेगळी इमारत उभी केली. दारावर अरबी पाट्या, आत नमाजाची खोली, विमानतळावरून आणणाऱ्या गाड्या, माझ्यासारखे दहा-बारा दुभाषी. मी मात्र नोकरी सोडून घरूनच कागदपत्रांची भाषांतरं करत होते. एका दुपारी ओळख नसलेल्या नंबरवरून फोन आला. “नफीसा? मी शम्सा. खमीसची. सुरमईवाली.”

सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती आली होती. नव्या इमारतीच्या कॅन्टीनमध्ये आम्ही भेटलो. अंगानं भरली होती, कपाळावर एक आठी कायमची पडली होती. दोन मुलं होती, त्यांचे फोटो दाखवले. मग म्हणाली, “अब्बू गेले. माझ्या धाकट्याला मांडीवर खेळवून गेले.”

मी तिचा हात हातात घेतला.

“डायलिसिसला मीच न्यायची त्यांना. नासर नाही, मीच. गाडीत आम्ही दोघंच. ते समुद्राच्या गोष्टी सांगायचे आणि मी मनात म्हणायची, आज सांगून टाकू. अब्बू, माझ्यात खोट नव्हती, मीच नको म्हटलं होतं. रस्ता संपायचा. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांच्या उशाशी बसून तोंड उघडलं आणि मिटलं.” तिनं टेबलावरचा पाण्याचा ग्लास इकडून तिकडे सरकवला. “मी माझ्या बापाला फसवलं. त्यांच्या सुजलेल्या हाताकडे बघत इतकी वर्षं फसवलं.”

मी गेलेल्या माणसाला शब्द दिला होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मी जसेच्या तसे पोहोचवले होते, नको म्हटलेले कधी उच्चारले नव्हते. त्या दिवशी मी तो शब्द मोडला. तिचं मन तुटू नये म्हणून त्यांनी तो घेतला होता, आणि ते तर माझ्यासमोर तुटलेलंच होतं.

मी सगळं सांगितलं. पोर्च, चाकाची खुर्ची, मॅडमचा धरलेला हात.

“माझ्या आधी?” तिनं विचारलं.

“तुझ्या आधी. तू कॅमेऱ्यासमोर हो म्हणालीस, त्याच्याही आदल्या दिवशी.”

“म्हणजे गाडीत आम्ही दोघंही...” ती हसायला लागली, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बऱ्याच वेळानं ती निवली, आणि तिच्या ध्यानात आलं.

“माझं ‘नाही’ तू त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

“मग ते शेवटपर्यंत समजत राहिले की मला द्यायची होती.”

“हो.”

ती खिडकीबाहेर बघत बसली. खाली विमानतळावरून आलेल्या गाडीतून कुणी म्हातारी उतरत होती, चारजण तिला सावरत होते.

“राहू दे,” शम्सा शेवटी म्हणाली. “ते त्यांच्यापाशी राहू दे.”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काय म्हणाले होते ते डॉक्टरीणबाईंना? त्यांचे शब्द सांग.”

मी अरबीत सांगायला लागले. तिनं हात वर करून थांबवलं.

“तसं नको. ते ज्या भाषेत म्हणाले, त्या भाषेत. दुकानदारांशी बोलायचे ते हिंदी, आम्हा मुलांना हसू यायचं.”

“मेरी बेटी को मत काटना,” मी म्हटलं.

“पुन्हा.”

मी पुन्हा म्हटलं. तिनं ओठ हलवून पाहिले. ‘बेटी’तला आणि ‘काटना’तला ‘ट’ तिला जमेना, ‘त’ होत होता. तिनं तीनदा, चारदा म्हणून पाहिलं, हळूहळू, विद्यार्थ्याला नवं नाव शिकवावं तसं.

“मेरी बेती,” ती म्हणाली, आणि उरलेलं वाक्य तिनं मनातल्या मनात पुरं केलं.